कूलर खरंच घाण झालाय का, आणि कुठल्या बाजूने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायन कारखान्यातला एक शेल-अँड-ट्यूब कूलर, म्हणजे मोठ्या नळकांड्यात (शेल) बारीक नळ्यांचा (ट्यूब) जुडगा. शेलमधून तेलकट सॉल्व्हेंट जातं, ट्यूबमधून कूलिंग टॉवरचं पाणी. सॉल्व्हेंट ८५ अंशांना आत येतं. पूर्वी ते ४५ अंशांना बाहेर पडायचं, आता ५० ला पडतं. पाण्याचं प्रेशर गेज मात्र पूर्वीइतकंच दाखवतं. हे फाउलिंग, म्हणजे ट्यूबच्या भिंतीवर घाणीचा थर बसणं, आहे का? असेल तर ट्यूबमध्ये की शेलमध्ये? आणि कूलर उघडायचा की थांबायचं?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. नुसत्या आउटलेट तापमानावरून फाउलिंग ठरत नाही, आणि नुसतं प्रेशर गेज हललं नाही म्हणून ट्यूब स्वच्छ आहेत असंही ठरत नाही. दोन्ही एकत्र वाचावे लागतात, तेही त्या वेळचा प्रवाह हाताशी ठेवून.

तापमानापासून सुरुवात करू. तुमच्या आकड्यांत पाणी ३२ अंशांना आत येतं असं धरतो. सॉल्व्हेंट जास्तीत जास्त किती थंड होऊ शकलं असतं? पाण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे ८५ - ३२ = ५३ अंश. त्यापैकी पूर्वी ४० अंश उतरत होते, म्हणजे ०.७५, आता ३५ उतरतात, म्हणजे ०.६६. हे गुणोत्तर रोज लॉगशीटवर लिहा. त्याला फक्त तीन तापमानं लागतात आणि ऋतू बदलला तरी ते फारसं हलत नाही. अट एवढीच की दोन्ही बाजूंचे प्रवाह तेच असावेत. याचा उपयोग हिवाळ्यात कळतो. जानेवारीत टॉवरचं पाणी २५ अंशांवर आलं, तर आज ५० दाखवणारा हाच घाण कूलर साधारण ४५ दाखवेल, आणि लॉगशीटवर सगळं आलबेल दिसेल. ट्यूबमधला थर थंडीत लपतो आणि मे महिन्यात उघडा पडतो. मग 'उन्हाळ्यात अचानक बिघडला' असं म्हटलं जातं. अचानक काहीच झालेलं नसतं.

आता नीट हिशोब. चारही टोकांची तापमानं आणि दोन्ही प्रवाह एकाच अर्ध्या तासात घ्या, प्लँट स्थिर चालू असताना. सॉल्व्हेंट ताशी २०,००० किलो आणि त्याची विशिष्ट उष्णता २.१ किलोज्यूल धरली, तर ३५ अंशांच्या उतारात ते ४०८ किलोवॉट उष्णता सोडतं. पाणी ताशी ५० घनमीटर असेल आणि ३२ वरून ३९ वर जात असेल, तर तेही जवळपास ४०७ किलोवॉट घेतं. दोन्ही आकडे जुळले. ५ टक्क्यांच्या आत जुळले तर उत्तम, १० टक्क्यांपर्यंत चालेल. त्यापुढे फरक गेला तर पुढचा हिशोब करूच नका, आधी उपकरणं तपासा. पाण्याच्या बाजूला मुळात सातच अंशांचा फरक आहे. दोन्ही थर्मामीटर अर्धा-अर्धा अंश उलट दिशांना चुकले तर उष्णतेत १४ टक्के चूक येते, आणि डायल थर्मामीटर एक-दोन अंश सहज चुकतो. सोपा उपाय: इनलेट आणि आउटलेटचे थर्मामीटर एकमेकांच्या जागी लावून पुन्हा वाचा आणि सरासरी घ्या. थर्मोवेलमध्ये (थर्मामीटर बसवायच्या बंद नळीत) तेल आहे का, तो पाण्याच्या मध्यापर्यंत पोचतो का, हेही बघा. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत स्टीलवर तिचा आकडा विश्वासाचा नसतो; काळ्या रंगाचा ठिपका किंवा काळी टेप लावून त्यावर नेम धरा.

हिशोब जुळला की 'यू' काढा, म्हणजे एकूण उष्णता-संक्रमण गुणांक. कूलरचं क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर आणि ट्यूबचे दोन पास (पाणी एकदा जाऊन परत येतं) धरतो. स्वच्छ असताना: ४६७ किलोवॉट, एलएमटीडी (दोन्ही टोकांच्या तापमान-फरकांची लॉगॅरिदमिक सरासरी) २५.८, दोन पाससाठीचा करेक्शन फॅक्टर ०.९१, त्यावरून यू साधारण ४४४ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. आता: ४०८ किलोवॉट, एलएमटीडी २९.८, फॅक्टर ०.९५, यू ३२०. जुन्या डेटाशीटवर किलोकॅलरी असतील तर त्यांना १.१६३ ने गुणा. दोन्ही यूंचे व्यस्त काढून वजाबाकी केली की फाउलिंगचा रोध मिळतो: ०.००३१२५ - ०.००२२५२ = सुमारे ०.०००८७. प्रक्रिया केलेल्या कूलिंग टॉवरच्या पाण्यासाठी टेमाच्या (असे कूलर बनवणाऱ्यांची अमेरिकी संघटना) तक्त्यात ०.०००१८ च्या आसपास आकडा धरलेला असतो. तुमचा त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. म्हणजे हो, थर आहे, आणि तो किरकोळ नाही.

मात्र यू प्रवाहावरही अवलंबून असतो, हे विसरू नका. पाणी ५० वरून ४२ घनमीटरवर आलं, तर काहीही न साचता पाण्याच्या बाजूचा फिल्म गुणांक (भिंतीतून पाण्यात उष्णता जाण्याचा) १३ टक्क्यांनी पडतो, कारण तो वेगाच्या ०.८ घाताने बदलतो. म्हणून स्वच्छ आणि घाण यूची तुलना त्याच प्रवाहांवर करा. तसं जमत नसेल तर ही दुरुस्ती धरून करा.

आता खरा गाभा. ०.०००८७ हा रोध कशाचा? ट्यूबच्या आतल्या पृष्ठभागावर तो ०.०००६८ भरतो (ट्यूब बाहेरून १९.०५ मिमी, आतून १४.८ मिमी धरली आहे). जैविक चिकट थर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्याची उष्णतावाहकता ०.६ च्या आसपास. म्हणजे हा सगळा रोध जेमतेम ०.४ मिमी बुळबुळीत थराने निर्माण होतो. कॅल्शियम कार्बोनेटचा घट्ट स्केल असेल तर त्याची वाहकता साधारण २.२, आणि तेवढ्याच रोधाला दीड मिमी जाडी लागते. उष्णतेच्या दृष्टीने दोघे सारखेच. पाणी ढकलायच्या दृष्टीने मात्र अजिबात नाहीत. आतला व्यास घटला की घर्षणातला दाब त्याच्या सुमारे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ०.४ मिमी थराने तो ३० टक्क्यांनी वाढेल (चिकट थर खडबडीत आणि लवचिक असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच), तर दीड मिमी स्केलने तिप्पट होईल. आणि थर शेलच्या बाजूला, ट्यूबच्या बाहेरून असेल, तर पाण्याच्या दाबात काहीच फरक पडणार नाही. यू घसरलेला आणि पाण्याचा दाबफरक जागच्या जागी, म्हणजे सॉल्व्हेंटच्या बाजूला डांबरट थर किंवा पॉलिमर शोधा. यू आणि दाबफरक दोन्ही जोरात बिघडले तर क्षार. यू बराच घसरला आणि दाब थोडाच वाढला तर चिकट जैविक थर किंवा बारीक गाळ.

पण तुमचं गेज हललं नाही, म्हणजे शेलची बाजू, असं लगेच म्हणता येत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं, गेजची कुवत. अशा कूलरमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर असतो आणि स्वच्छ अवस्थेतला दाबफरक साधारण ०.१५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शून्य ते सातच्या गेजवर एक घर ०.१ किंवा ०.२ चं असतं. त्यावर ०.१५ चं ०.२० झालेलं माणसाला दिसणारच नाही. डिफरन्शियल गेज नसेल तर निदान एकच गेज आधी इनलेटला आणि मग आउटलेटला लावून वाचा, म्हणजे गेजची स्वतःची चूक वजा होते. दोन्ही नोझलांच्या उंचीत एक मीटर फरक असेल तर तेवढाच ०.१ किलोचा फरक येतो, तो काढून टाका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमचा कूलर एकटा नाही, एकाच हेडरवर (मुख्य पाइपवर) दहा-वीस कूलर लटकलेले असतात. सप्लाय आणि रिटर्न हेडरमधला दाबफरक पंप आणि बाकीचे कूलर ठरवतात. तुमच्या ट्यूब बुजल्या तर दाब वाढत नाही. पाणी शेजारच्या कूलरकडे निघून जातं. गेज शांत, प्रवाह कमी. म्हणून दाबफरक कधीही एकटा लिहू नका, त्याला प्रवाहाच्या वर्गाने भागा. ०.१५ दाबफरकावर पूर्वी ५० घनमीटर जात होतं आणि आज ४२ जात असेल, तर गेज तेच दाखवत असलं तरी वाट ४० टक्क्यांनी अवघड झालेली आहे.

फ्लोमीटर नसेल तर? कित्येक कूलरांच्या पाण्याच्या लाइनवर तो नसतोच. तेव्हा पाण्याचं आउटलेट तापमान कुठल्या दिशेला गेलंय ते बघा. पाणी पूर्वीइतकंच जातंय आणि मध्ये फक्त थर आला, तर पाण्याला उष्णता कमी मिळते, म्हणून ते पूर्वीपेक्षा थंड बाहेर पडतं. वरच्या हिशोबात स्वच्छ कूलरमधून ४० ला बाहेर पडणारं पाणी आता ३९ ला पडतं. उलट ट्यूब बुजून पाणीच कमी झालं असेल, तर उरलेलं पाणी जास्त तापून बाहेर पडतं. सॉल्व्हेंट गरम आणि पाणी पूर्वीपेक्षा गार: थर. सॉल्व्हेंट गरम आणि पाणीही गरम: प्रवाह कमी. या एका निरीक्षणाने अर्धा वाद मिटतो. ऑपरेटरला एवढं शिकवलं तरी खूप झालं. फक्त इनलेट पाणी त्याच तापमानाचं आहे ना, हे आधी बघायचं.

पाण्यावर टेम्परेचर कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर गोष्ट आणखी फसवी होते. सॉल्व्हेंटचं तापमान ४५ वरच खिळलेलं दिसतं, कारण व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जातो. तिथे व्हॉल्व्ह किती उघडा आहे त्याचा आलेख ठेवा: त्याच लोडला ४० टक्के, मग ६०, मग ८५. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मगच तापमान सुटतं, तोवर बराच उशीर झालेला असतो. आणि इथेच फाउलिंगचं एक मोठं मूळ आहे, ज्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. थंडीत सॉल्व्हेंट गरजेपेक्षा गार होतं म्हणून पाणी दाबून ठेवलं जातं. ५० चं २५ घनमीटर केलं की वेग अर्ध्या मीटरवर येतो. गाळ खाली बसतो, ट्यूबची भिंत तापते, आणि कॅल्शियम कार्बोनेट तर पाणी जितकं गरम तितकं कमी विरघळतं. थर वाढायला याहून चांगली जागा मिळायची नाही. पाणी दाबू नका. सॉल्व्हेंटच्या बाजूला बायपास द्या आणि ट्यूबमधला वेग एक मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. दीड मीटर मिळाला तर फारच बरं.

फाउलिंगची सोंगं घेणाऱ्या गोष्टीही आहेत. चॅनेलच्या (ट्यूबच्या टोकाशी पाणी वाटणाऱ्या पेटीच्या) वरच्या भागात हवा अडकली तर वरच्या ओळीतल्या ट्यूब कोरड्या राहतात. व्हेंट उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि तेच आधी करावं. पास-पार्टिशनचं (दोन पास वेगळे करणाऱ्या प्लेटचं) गास्केट सरकलं किंवा प्लेट वाकली तर पाणी ट्यूबमध्ये न जाता एका पासमधून थेट दुसऱ्यात जातं. यू पडतो आणि दाबफरक उलट कमी होतो. हे बहुधा कूलर उघडून पुन्हा बसवल्यावर लगेच दिसतं. कंडेन्सर असेल तर न घनीभूत होणारे वायू साचून अगदी फाउलिंगसारखीच लक्षणं देतात. साखर कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरला हे हमखास लागू पडतं: रसाचा ब्रिक्स (साखरेचा घट्टपणा) उतरला की सगळे स्केलला दोष देतात, पण कॅलेंड्रियाची (वाफेने तापणाऱ्या ट्यूबच्या भागाची) गॅस काढणारी लाइन नीट उघडी आहे का ते आधी बघावं. त्यानंतर स्केलकडे वळावं. तिथे शेवटच्या बॉडीतला (इव्हॅपोरेटरच्या पात्रातला) सिलिकायुक्त कठीण स्केल आणि पहिल्या बॉडीतला फॉस्फेट व सेंद्रिय थर या अगदी वेगळ्या चीजा आहेत.

यूचा वेळेनुसार आलेख काढला की तोही बोलतो. एका दिवसात धपकन पडला तर ते फाउलिंग नव्हे. गास्केट, हवा, किंवा टॉवरच्या फिलचे (पाणी पसरवणाऱ्या भरावाचे) तुटलेले पीव्हीसी तुकडे ट्यूबशीटवर (ट्यूबची तोंडं बसवलेल्या प्लेटवर) येऊन अडकलेत. काही आठवडे काहीच नाही आणि मग सरळ रेषेत घसरण, हे स्फटिक बसण्याचं लक्षण. पहिले कण रुजायला वेळ लागतो. सुरुवातीला भराभर पडून मग एका पातळीवर थांबला, तर गाळ किंवा जैविक थर. जितकं बसतं तितकंच पाण्याच्या ओढीने निघून जातं. कर्न आणि सीटन यांनी १९५९ मध्ये हीच वर्तणूक सूत्रात मांडली. या शेवटच्या प्रकारात वेग वाढवला की थांबण्याची पातळी सुधारते. घट्ट स्केल मात्र वेग वाढवून निघत नाही.

कूलर न उघडता स्केलची खात्री करायची असेल तर पाण्याचा जमाखर्च मांडा. मेक-अप पाण्यात (टॉवरमध्ये नव्याने भरल्या जाणाऱ्या) मॅग्नेशियम ३० आणि टॉवरमध्ये १५० पीपीएम असेल तर पाणी पाचपट घट्ट झालंय. त्याच हिशोबाने कॅल्शियम हार्डनेस १२० चा ६०० व्हायला हवा. प्रयोगशाळा ४८० सांगत असेल, तर उरलेला १२० कुठेतरी बसतोय, आणि बसायला सर्वांत आवडती जागा म्हणजे सगळ्यात गरम भिंतीचा कूलर. पुष्कळ ठिकाणी हा हिशोब क्लोराइडवर करतात, पण हायपोक्लोराइट डोस होत असेल तर क्लोराइड बाहेरून वाढतं आणि हिशोब खोटा पडतो. आपल्याकडे बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी मेक-अपला घेतलं जातं तिथे हार्डनेसबरोबर सिलिकाही तपासून घ्या. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी येतं तिथे टर्बिडिटीवर लक्ष ठेवा.

उघडायचं ठरलं तर पाणी काढल्या काढल्या बघा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण चिकट थर वाळला की आकसून तपकिरी भुकटीसारखा दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी बघणारा म्हणतो, 'आत काहीच नाही'. ओल्या ट्यूबमधून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर उत्तर मिळालं. थर कुठे आहे हेही लिहून ठेवा. पाणी बाहेर पडतं त्या गरम टोकाला जास्त असेल तर क्षार, खालच्या ओळीतल्या ट्यूबमध्ये असेल तर गाळ, इनलेटच्या ट्यूबशीटवर असेल तर कचरा. नमुना खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर कार्बोनेट. न फसफसता हळूहळू विरघळून पिवळसर झालं तर लोखंडाचा गंज. फेस नाही आणि विरघळतही नाही, तर सिलिका किंवा सल्फेटची शंका घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर सल्फाइड. तो वायू विषारी आहे, म्हणून ही चाचणी फ्यूम हूडमध्येच करायची. वाळवलेला नमुना ५५० अंशांना भट्टीत ठेवून वजन बरंच घटलं तर सेंद्रिय किंवा जैविक भाग जास्त.

साफसफाईचा उपाय या चाचणीवरूनच ठरतो. गाळ आणि चिकट थराला ब्रश किंवा हायड्रोजेट. जैविक थरासाठी बायोसाइडचा (जंतुनाशकाचा) डोस सुधारला नाही तर तो पुन्हा येणारच. कार्बोनेटला आम्ल, पण ट्यूब स्टेनलेसच्या असतील तर हायड्रोक्लोरिक आम्ल जवळही आणू नका. क्लोराइडने खड्डे आणि तडे जातात. तिथे इनहिबिटर (धातूला आम्लापासून वाचवणारं रसायन) घातलेलं ५ ते १० टक्के सल्फॅमिक आम्ल ५०-५५ अंशांपर्यंत फिरवतात. आम्ल खालून आत, वरून बाहेर, आणि व्हेंट उघडा, कारण कार्बन डायऑक्साइड बराच निघतो. दर अर्ध्या तासाने आम्लाची तीव्रता तपासा. ती घटायची थांबली की काम झालं. लोखंडी भाग असतील आणि द्रावणातलं लोखंड चढत राहिलं तर आम्ल आता धातू खातंय, थांबवा. नंतर सोडा ॲशच्या द्रावणाने उदासीन करून भरपूर पाण्याने धुवा. एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते: जी ट्यूब पूर्ण बुजली आहे तिच्यात आम्ल शिरतच नाही. ते मोकळ्या ट्यूबमधून फिरून परत येतं आणि तीव्रताही स्थिर दिसते. अशा ट्यूब आधी रॉडने किंवा जेटने मोकळ्या करा.

घाण शेलमध्ये निघाली तर ट्यूब कुठल्या रचनेत आहेत ते ड्रॉइंगवर बघा. चौकोनी पिच (मांडणी) असेल तर बंडल बाहेर ओढून ओळींमधून जेट मारता येतो. त्रिकोणी पिचमध्ये आतल्या ओळींपर्यंत जेट पोचत नाही. तिथे थर विरघळवणारं सॉल्व्हेंट किंवा गरम अल्कली फिरवणं हाच मार्ग.

तुमच्या बाबतीत: रोध पाचपट आहे, पण पाणी खरंच ५० घनमीटर जातंय का ते मोजल्याशिवाय बाजू ठरवू नका. उद्या सकाळी व्हेंट उघडा, क्लॅम्प-ऑन (पाइपवर बाहेरून लावायच्या) फ्लोमीटरने प्रवाह मोजा, एकाच गेजने दाबफरक घ्या. प्रवाह ५० आणि दाबफरक ०.१५ च असेल तर शेल; दाबफरक ०.२ च्या आसपास असेल तर जैविक थर किंवा गाळ, बायोसाइडचा शॉक डोस देऊन आठवडाभर यू बघता येईल. प्रवाह ४० च्याही खाली गेला असेल तर सॉल्व्हेंटच्या ५० अंशांनी पुढच्या प्रक्रियेला अडचण होत नसली तरी थांबू नका, कारण बुजलेल्या ट्यूबमध्ये थराखालची गंज सुरू झालेली असते आणि तिथून पुढे ट्यूब गळते. साफ केल्यावर दोन-तीन दिवसांत, पूर्ण लोडवर, पुन्हा यू काढून डेटाशीटवर तारखेसह लिहा. तो ४०० च्या वर आला नाही तर दुसऱ्या बाजूला घाण उरलेली आहे.